माहीत नसलेल्याची जागा

"काका, आधी व्हिडिओ बघून या. नाहीतर बाकीच्यांचा वेळ जातो." माझ्या मित्राचा मुलगा हे अगदी आदबीने म्हणाला. तो पुण्यात नोकरी करतो आणि रात्री युरोपातल्या मंडळींबरोबर 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळतो. त्यांची संध्याकाळ ती आपली मध्यरात्र. हिवाळ्यात जर्मनीत आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेबारा झालेले असतात. सकाळी ऑफिस गाठायचं असतानाही जो इतका जागतो, त्याचं खेळावर प्रेम नाही असं कोण म्हणेल? तरी ते वाक्य मला टोचत राहिलं. प्रत्येक हालचाल आधी पडद्यावर पाहायची, पाठ करायची आणि मग आत जायचं, तर आत गेल्यावर करायला उरलं काय?

या खेळांची गाईडं कशी असतात ते खेळणाऱ्यांना सांगायला नको. कुठलं शस्त्र कुणाकडून मिळतं, कोणत्या लेव्हलला काय घ्यावं, कुठल्या बॉससमोर, म्हणजे बलाढ्य शत्रूसमोर, कोणी कुठे उभं राहावं, सगळं चित्रांसकट मांडलेलं असतं. शाळेतल्या गाईडची आठवण होणं साहजिक आहे, पण ती तुलना फार लांब जात नाही. दहावीची परीक्षा आपण मागून घेतलेली नसते, त्यामुळे तिच्यातून लवकर सुटायची वाट कोणी शोधली तर समजू शकतं. खेळातली अडचण मात्र आपण होऊन पत्करलेली असते. बर्नार्ड सूट्स या तत्त्वचिंतकाने 'द ग्रासहॉपर' या 1978 सालच्या पुस्तकात खेळाची ओळखच अशी सांगितली आहे की गरज नसलेले अडथळे माणूस तिथे स्वखुशीने ओलांडू पाहतो. मग तेच अडथळे दुसऱ्याकडून दूर करून घेण्यात काय मिळतं? मी मनातल्या मनात त्या मुलाशी भांडू लागलो.

भांडता भांडता एक फरक माझ्या हाती लागला आणि त्याला मी अजून धरून आहे. काही अडचणी सांगितल्या की संपतात, काही सांगूनही उरतात. वॉरक्राफ्टच्या पहिल्या वर्षांत 'बॅरन्स' नावाच्या माळरानावर मॅनक्रिक नावाचं एक पात्र भेटायचं. लढाईत ताटातूट झालेल्या बायकोला शोधून दे, एवढंच त्याचं मागणं. नकाशावर खूण नाही, नेमकी दिशा नाही. ती कुठे आहे हे कोणी सांगितलं की शोध तिथेच संपतो. उलट 'मोल्टन कोअर' या रेडमधला, म्हणजे चाळीस जणांनी मिळून लढायच्या मोहिमेतला, बॅरन गेडन घ्या. तो कुठल्याही एका खेळाडूला जिवंत बॉम्ब बनवतो, आणि काही सेकंदांत तो खेळाडू फुटून शेजारच्यांना घेऊन जातो. त्याने घोळक्यातून लांब पळायला हवं, हे वाचून कळतं. पण आपल्यावर पाळी येते तेव्हा, गोंधळात, चाळीस जणांच्या गर्दीत, योग्य दिशेला वेळेवर पळणं हे कुठल्याही गाईडने आपल्या वतीने करून दिलेलं नाही. त्यासाठी चुकावं लागतं, पुन्हा उभं राहावं लागतं.

हा फरक धरला की खेळाचा इतिहास वेगळा दिसतो. वॉरक्राफ्ट नोव्हेंबर 2004 मध्ये आला. मोल्टन कोअरचा शेवटचा बॉस रॅग्नरॉस पहिल्यांदा पडला तो एप्रिल 2005 मध्ये, म्हणजे जगातल्या पहिल्या गटाला पाच महिने लागले. ऑगस्ट 2019 मध्ये ब्लिझार्ड या खेळाच्या कंपनीने तोच जुना खेळ 'क्लासिक' म्हणून पुन्हा सुरू केला तेव्हा रॅग्नरॉस आठवड्याच्या आत पडला. त्या गटातले काही जण तर अजून शेवटच्या, 60 व्या लेव्हललाही पोचले नव्हते. सगळं श्रेय गाईडला देता येणार नाही. 2019 ची आवृत्ती जुन्या खेळाच्या अखेरच्या काळातली होती आणि त्यात खेळाडूंची पात्रं आधीपेक्षा बळकट झालेली होती. पण चौदा-पंधरा वर्षांत जमलेलं ज्ञान पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या डोक्यात होतं, हेही खरं. बॉस तोच होता. त्याच्यातला सांगितल्याने संपणारा भाग संपून गेला होता, आणि उरलेला भाग फारसा मोठा नव्हता.

खेळ बनवणाऱ्यांनी यावरून काय धडा घेतला तेही दिसतं. कोडं टिकत नाही, म्हणून त्यांनी भर दिला तो वेगावर, अचूकतेवर, सरावावर. आजच्या अवघड रेड पाहिल्या तर त्या कवायतीच्या जवळ गेल्या आहेत. व्हिडिओ पाहूनही शंभरदा हरावं लागेल अशाच त्या रचलेल्या असतात. म्हणजे गाईडने खेळ सोपा केला असं म्हणावं तर तसंही नाही. त्याने एका जातीची अडचण मारली आणि दुसरीला बळ दिलं. मला पहिली जात जास्त प्रिय आहे, एवढं मी उघड सांगतो.

आता मित्राच्या मुलाचं म्हणणं. ते असं, की वीस-पंचवीस जण दिवसभराच्या कामानंतर दोन-तीन तास काढून एकत्र येतात. त्यात एक जण म्हणतो, मला काही सांगू नका, मी स्वतः शोधीन. त्याचा शोध चालू असताना बाकीचे मरतात, पुन्हा चालत येतात, पुन्हा तयारी करतात. त्याच्या आनंदाचं बिल सगळ्यांनी का भरायचं? या मुद्द्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, आणि अजूनही पूर्ण उत्तर नाही. एकट्याने खेळायच्या खेळात मी हवा तेवढा चाचपडू शकतो. इथे माझं अज्ञान सार्वजनिक आहे.

शिवाय गाईड नसण्याचीही एक किंमत असते, आणि ती आपण विसरतो. 2006 च्या जानेवारीत वॉरक्राफ्टमधल्या 'आन'किराज' या रेडची दारं उघडली. आत शेवटी क'थुन नावाचा बॉस होता. जगातले उत्तमोत्तम गट आठवडेच्या आठवडे त्याच्यावर आपटत राहिले. गणित मांडणारे खेळाडू सांगू लागले की या रूपात तो हरवता येण्यासारखाच नाही. एप्रिलमध्ये ब्लिझार्डने त्याच्यात दुरुस्ती केली आणि तो लगोलग पडला. त्या मधल्या महिन्यांचा विचार मी पुष्कळदा करतो. आपण कमी पडतोय की भिंतीला दारच नाही, हे कळायला मार्ग नव्हता. गाईड कसं करायचं ते सांगतं खरं, पण त्याच्याही आधी हे करता येतं असं सांगतं. थकलेल्या माणसाला हा दिलासा फार मोठा असतो, आणि तो घेणाऱ्याला आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तरीही मन मानेना. माझं काय हरवलं आहे ते मला नीट पकडता येत नव्हतं. मी पुन्हा मॅनक्रिककडे वळलो. त्याची बायको शोधली कोणी? थोड्यांनीच. बाकी सगळ्यांनी चॅटमध्ये विचारलं. बॅरन्सच्या चॅटमध्ये हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेला की तो त्या खेळातला सर्वांत प्रसिद्ध प्रश्न झाला. आणि कोणीतरी अनोळखी माणूस उत्तर द्यायचा. 1999 साली आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये तर सुरुवातीला खेळात नकाशाच नव्हता. खेळाडूंनी स्वतः नकाशे काढले आणि एकमेकांना दिले. मोल्टन कोअर उलगडलं ते चाळीस जणांनी मिळून, एकाने मरून दुसऱ्याला काहीतरी कळवत. मी ज्याला स्वतः शोधणं म्हणत होतो, ते या खेळांत एकट्याने झालंच नव्हतं.

एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 1978 साली 'मड' हा अशा खेळांचा पूर्वज सुरू केला. बार्टलने पुढे 1996 मध्ये एक लेख लिहून खेळाडूंचे चार प्रकार मांडले. कमाई करणारे, शोध घेणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्यांना मारण्यात रस असलेले. त्यातल्या शोध घेणाऱ्यांबद्दल त्याने टिपलेली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नवखे खेळाडू आपल्याकडे ज्ञानाचा साठा म्हणून येतात, याचा या लोकांना अभिमान असतो. शोधणाऱ्याला विचारणारा लागतो. आणि गाईड कोण लिहितं? हाच माणूस. सगळ्या कोपऱ्यांत हात घालून आलेला, आकडे तपासलेला, दुसऱ्याला सांगायला आतुर असलेला. ज्या गाईडवर मी रागावलो होतो ते एखाद्या शोधकाने मन लावून लिहिलेलं असतं. त्या माणसाशी माझं भांडण असू शकत नाही.

मग भांडण कशाशी? माझ्या मते बदल झाला तो डिसेंबर 2009 मध्ये. वॉरक्राफ्टच्या त्या अपडेटने दोन गोष्टी एकदम आणल्या. कामगिरी कुठे पार पाडायची याच्या खुणा खेळाच्याच नकाशावर दिसू लागल्या, आणि डंजनसाठी, म्हणजे पाच जणांच्या छोट्या मोहिमेसाठी, 'डंजन फाइंडर' वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या अनोळखी लोकांना आपोआप एका गटात बसवू लागला. त्याआधी गट जमवायचा तर आपल्याच सर्व्हरवर विचारत हिंडावं लागे. नवख्याला शिकवलं तर तो उद्या पुन्हा भेटणार होता, आणि त्याला हाकललं तर चार लोकांत नाव खराब होणार होतं. आता यंत्राने आणून बसवलेले पाच जण वीस मिनिटांनी कायमचे पांगतात. अशा गटात प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे उशीर. त्याला मतदानाने बाहेर काढायची सोयही आहे. व्हिडिओ बघून येणं ही सभ्यता ठरली ती इथे, जिथे कोणालाच कोणाला काही शिकवण्याचं कारण उरलं नव्हतं.

शोधाचा आनंद परत आणायचा प्रयत्न ब्लिझार्डनेही केला. 30 नोव्हेंबर 2023 ला 'क्लासिक'मध्ये 'सीझन ऑफ डिस्कव्हरी' सुरू झाला. त्यात नवी सामर्थ्यं देणारे रून जगभर दडवून ठेवले होते. पहिल्या काही दिवसांतच त्यांचे ठावठिकाणे सगळीकडे लिहिले गेले. सांगितल्याने संपणारी अडचण हजारो लोकांसमोर ठेवली तर ती संपणारच. गुपितं वाढवून हा प्रश्न सुटेल असं मला आता वाटत नाही.

तो सुटू शकतो तो दुसऱ्या बाजूने, आणि त्याची सुरुवात एका खेळात झालेली आहे. 'फायनल फॅन्टसी 14' मध्ये नव्या खेळाडूच्या नावाशेजारी एक कोंब दिसतो. गटातला एखादा जण एखाद्या डंजनमध्ये पहिल्यांदाच येत असेल तर ते सुरुवातीलाच सगळ्यांना कळवलं जातं, आणि डंजन पार झाल्यावर गटातल्या प्रत्येकाला त्याबद्दल जादा बक्षीस मिळतं. म्हणजे ज्याला माहीत नाही त्याच्या असण्याने जुन्यांचा फायदा होतो. ही छोटी तरतूद मला कोणत्याही गुप्त खजिन्यापेक्षा मोलाची वाटते, कारण ती माहीत नसलेल्या माणसाला गटात हक्काची जागा देते. वेळेचं बिल कोणी भरायचं, या माझ्या मित्राच्या मुलाच्या प्रश्नाला हे अर्धं तरी उत्तर आहे. इथे ते बिल खेळ भरतो.

त्याच खेळात गट जमवण्याच्या फलकावर 'ब्लाइंड' असं लिहून लोक जमतात. कोणीही काही बघून यायचं नाही, मिळून चाचपडायचं, अशी बोली आधीच झालेली असते. तेव्हा यंदा कोणी असा खेळ सुरू करणार असेल तर माझं सांगणं एवढंच. गाईड खुशाल उघडा, पण एखाद्या जागी पहिल्यांदा जाताना असा गट शोधा. तो मिळाला नाही तर आत शिरताच चॅटमध्ये लिहा की मी नवीन आहे, आणि जे समजत नाही ते विचारा. आणि तुम्ही जुने असाल तर उत्तर द्या.