मोरारजींना कुठे बसवायचं?

साठच्या दशकाच्या सुरुवातीला, नेहरू हयात असतानाच, एक प्रश्न देशभर विचारला जात होता: नेहरूंनंतर कोण? सर्वोत्तम पंतप्रधान कोण, हे तेव्हा कुणी विचारत नव्हतं, कारण तुलनेला दुसरा माणूसच नव्हता. काळजी होती ती देश टिकेल का, याची. त्यामुळे पंतप्रधान मोजायची आपली पहिली फूटपट्टी उंचीची ठरली. ज्याच्या नावावर देश एकत्र राहतो, तो मोठा.

लालबहादूर शास्त्रींच्या एकोणीस महिन्यांनी ती पट्टी बदलली. १९६५ च्या युद्धाने त्यांना मान दिला, ताश्कंदच्या मृत्यूने सगळ्या देशाला हळहळ लावली. त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम मात्र मला शेतीत दिसतं. सी. सुब्रमण्यम यांच्याकडे कृषिखातं सोपवून ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. भारतीय अन्न महामंडळ आणि शेतमालाच्या भावांची शिफारस करणारा आयोग, दोन्ही १९६५ चे. आणंदजवळच्या खेड्यात एक रात्र राहून आल्यावर त्यांनी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाला वाट करून दिली, तेही त्याच वर्षी. या पेरणीचं पीक पुढे दुसऱ्यांच्या नावावर जमा झालं. लोकांच्या लक्षात राहिलं ते युद्ध. १९७१ नंतर तर विजय हीच फूटपट्टी झाली आणि इंदिरा गांधी तिच्यावर सगळ्यांच्या वर गेल्या. बांगलादेशाच्या वेळी त्यांनी दाखवलेला धीर आणि मुत्सद्दीपणा खराच होता, तो नाकारण्यात अर्थ नाही.

ती पट्टी मोडली २५ जून १९७५ च्या रात्री. मंत्रिमंडळाला न विचारता आणीबाणीच्या आदेशावर राष्ट्रपतींची सही झाली. मंत्र्यांना कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढच्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निकाल दिला की, आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही नागरिकाला न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं केली. युद्ध जिंकणारा पंतप्रधान नागरिकांचे हक्क काढूनही घेऊ शकतो, हे या देशाने तेव्हा प्रथम अनुभवलं. इथून ‘देशासाठी काय मिळवलं’ या प्रश्नाच्या शेजारी ‘देशापासून काय हिरावलं’ हा प्रश्न येऊन बसला.

आणि इथेच मोरारजी देसाई येतात. मराठी माणसाला हे नाव सहजासहजी घेता येत नाही. १९५२ ते १९५६ ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळ्या चालल्या त्या त्यांच्या राज्यात. आंदोलनात शंभराहून अधिक माणसं गेली. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं, त्यात मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयाबरोबर त्या गोळीबाराची चौकशी होत नाही हेही कारण होतं. हा हिशेब मिटलेला नाही, आणि मिटवावा असंही मला वाटत नाही.

तरीही त्याच मोरारजींच्या सरकारने १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती केली. कायदामंत्री शांती भूषण होते. आणीबाणीसाठी असलेलं ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल कारण काढून ‘सशस्त्र बंड’ आलं. मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा झाला. आणीबाणीतही जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही, असं घटनेत लिहिलं गेलं. लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षं झाली. राज्यसभेत जनता पक्षाकडे पुरेसं बळ नव्हतं, तिथे घटनेतल्या मूलभूत बदलांसाठी सार्वमत घेण्याची तरतूद गळून पडली. पण गाभा मंजूर झाला. हे करताना मोरारजी स्वतः त्याच खुर्चीवर बसले होते. ज्या ढिल्या तरतुदी त्यांनाही वापरता आल्या असत्या, त्या त्यांच्या सरकारने आवळल्या.

सरकार दोन वर्षं आणि काही महिने टिकलं आणि आपसातल्या भांडणांनी कोसळलं. नंतर १९८० मध्ये प्रचंड बहुमताने परतलेल्या इंदिरा गांधींच्या काळातही ही दुरुस्ती उलटवली गेली नाही. राजीव गांधींच्या सरकारने १९८८ मध्ये ५९ व्या दुरुस्तीने पंजाबपुरती वाट काढली, ती ६३ व्या दुरुस्तीने लवकरच बुजवली गेली. विरोधक सत्तेवर आल्यावरही जे टिकतं, त्याला मी देशसेवा म्हणेन.

नव्वदीनंतर फूटपट्टी पुन्हा बदलली आणि ती आता विकासदराची आहे. तिचा मोठा लाभ नरसिंह राव यांना झाला, तोही बराच उशिरा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले, हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’चा तेलुगू अनुवाद करणारे, रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेलेले राव आपल्याला इतके जवळचे असूनही आपण त्यांच्याबद्दल फार कमी बोलतो. २४ जुलै १९९१ ला एकाच दिवशी नवं औद्योगिक धोरण आणि मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प आला. त्यांना विरोध करणाऱ्या पक्षांनीही सत्तेत आल्यावर तीच दिशा ठेवली. पंचायतींना आणि नगरपालिकांना घटनेत जागा देणाऱ्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्त्याही त्यांच्याच काळातल्या, म्हणजे सत्ता खाली वाटून देणाऱ्या. पण ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पडली तेव्हा पंतप्रधान तेच होते. विकासदराच्या कुठल्याही आकड्याने ते झाकलं जात नाही. शिवाय दर हा पावसावर, तेलाच्या भावावर आणि आधीच्या सरकारने काय मागे ठेवलं यावरही ठरतो. नुसत्या दरावर पंतप्रधान मोजणं मला अपुरं वाटतं.

माझ्या लेखी पहिले नेहरूच, पण उंचीमुळे नव्हे. १९५१-५२ मध्ये सतरा कोटींच्या आसपास मतदार, बहुतेक निरक्षर, आणि तरीही सर्वांना समान मत. त्यानंतर मुंद्रा प्रकरणी, म्हणजे आयुर्विमा महामंडळाच्या पैशांच्या गुंतवणुकीवरून, त्यांच्याच पक्षाचे खासदार आणि जावई फिरोज गांधी यांनी सरकारला धारेवर धरलं. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत खुली सुनावणी घेतली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावं लागलं. आपल्या सरकारला अडचणीत आणणारी यंत्रणा त्यांनी चालू दिली. १९५१ मध्ये पहिल्याच दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरच्या मर्यादा वाढवल्या, १९५९ मध्ये केरळचं निवडून आलेलं सरकार बरखास्त झालं, १९६२ मध्ये चीनपुढे नामुष्की पदरी पडली. हे सगळं त्याच खात्यावर लिहिलेलं आहे, आणि सगळं धरूनही मी त्यांना पहिलं ठेवतो.

दुसरे मोरारजी. १९५६ विसरून नव्हे, ते धरून. अटलबिहारी वाजपेयींचे महामार्ग आणि पोखरण यांच्या पुढे एका घटनादुरुस्तीला ठेवणं अनेकांना पटणार नाही. पण रस्ते पुढच्या सरकारनेही बांधले असते. खुर्चीचे अधिकार बसणाऱ्याने स्वतःच कमी करणं मात्र क्वचित घडतं. मनमोहन सिंग यांच्या कारकिर्दीकडेही मी याच बाजूने पाहतो. आधी महाराष्ट्रासारख्या राज्यांत लोकांनी भांडून मिळवलेला माहितीचा अधिकार २००५ मध्ये त्यांच्या सरकारने देशभर दिला आणि पुढे त्यांच्याच सरकारला प्रश्न विचारायला लोकांनी तो वापरला. त्यांना मी तिसऱ्या जागेवर ठेवतो, रावांच्या एक पायरी वर.