पूर्वेची होळी, पश्चिमेचा कायदा

परतवाड्यातून एखादी मुलगी तंत्रज्ञान-कायद्याच्या जोड पदव्युत्तर पदवीसाठी युरोपात जायला निघते, तेव्हा घरात बोलणे होते ते फीचे, व्हिसाचे आणि बँकेला तारण काय द्यायचे याचे. दोन विद्यापीठे, बहुधा दोन देश आणि शेवटी दोन पदव्या असा हा व्यवहार. तो परवडतो की नाही, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. पण त्या हिशेबाच्या तळाशी धर्मविचारातला एक प्रश्न आहे. एका प्रदेशातल्या माणसांनी आपल्यापुरता घालून घेतलेला नियम दुसऱ्या प्रदेशातल्या माणसाला का लागू व्हावा? तो लागू होत नसेल, तर ब्रसेल्समध्ये घडलेला कायदा मेळघाटच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलीने शिकणे हा केवळ नोकरीचा मार्ग ठरतो. लागू होत असेल, तर तो कशाच्या बळावर, हे सांगावे लागते. या प्रश्नाशी आपल्या परंपरेने फार पूर्वीच झुंज घेतली आहे. तिथे हाती लागलेल्या कसोट्या स्वीकारल्या, तर जोड पदवीची किंमतही ठरते आणि ती घेणाऱ्याचे कर्तव्यही.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांत पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात होलाकाधिकरण येते. होलाका म्हणजे वसंतातला उत्सव, आपल्या होळीचा पूर्वज. तो पूर्वेकडचे लोक पाळत. दक्षिणेकडच्यांचे आणि उत्तरेकडच्यांचे आचार वेगळे होते. प्रश्न असा आला की हा आचार पूर्वेकडच्यांनाच बांधील की सर्वांना? पूर्वपक्ष सोपा होता : जे पाळतात, त्यांच्यापुरता. सिद्धान्त मात्र उलट निघाला. आचाराला आधार म्हणून ज्या श्रुतीचे, म्हणजे वेदवचनाचे, अनुमान करायचे, तिच्यात ‘पूर्वेकडच्यांनी’ असे विशेषण घुसवायला काहीच आधार नाही. म्हणून तो विधी सर्वांचा. नियम कुठे दिसतो, यावरून तो कुणाचा हे ठरत नाही. त्याच पादात आरंभीच दुसरी एक कसोटी आहे. ज्या स्मृतिवचनामागे कुणाचा लोभ उघड दिसतो, त्याला धर्माचे प्रामाण्य नाही. भाष्यकार शबरस्वामी यज्ञातले वस्त्र पुरोहिताने घ्यावे अशा वचनाचे उदाहरण देतो आणि ते बाजूला सारतो. मीमांसक श्रुतीचा शोध घेत होते, आपण न्यायाचा घेतो आहोत, हा फरक मोठा आहे. तरीही युक्तिवादाची चौकट घेण्यासारखी आहे : नियमाच्या आधारात प्रदेशाचे विशेषण आहे का, आणि त्याच्यामागे कुणाचा स्वार्थ दिसतो का?

या दोन कसोट्या खासगीपणाच्या कायद्याला लावून पाहू. युरोपीय संघाचा माहिती-संरक्षण नियम, जीडीपीआर, २५ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या नऊ महिने आधी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. ‘हे पाश्चात्त्य खूळ आहे, गरिबाला खासगीपणाशी काय देणेघेणे’ हा आक्षेप तिथे पुढे आला होता आणि तो नाकारला गेला. होलाकाधिकरणाच्या भाषेत सांगायचे, तर माणसाला आपल्याबद्दलच्या माहितीवर अधिकार असावा, या विधानात ‘युरोपातल्या माणसाला’ असे विशेषण घालायला आधार सापडला नाही. मग २०२३ साली आपला स्वतःचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. दोन्ही कायदे शेजारी ठेवले की कुठे तत्त्व बोलते आणि कुठे सोय, हे दिसू लागते. मूल कोणाला म्हणायचे? युरोपात इंटरनेट सेवांसाठी सोळा वर्षांखालील, आणि सदस्य देशांना ती मर्यादा तेरापर्यंत खाली आणण्याची मुभा. आपल्याकडे सरसकट अठरा. हा आकडा आचार आहे. बोटांचे ठसे, आरोग्याची माहिती युरोपने वेगळ्या, अधिक जपायच्या वर्गात ठेवली. आपल्या कायद्याने असा वर्गच केला नाही. आणि आपल्या कायद्याच्या सतराव्या कलमात केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना अधिसूचनेने सूट देता येते. इथे दुसरी कसोटी जागी होते, कारण नियम करणाऱ्याचीच सोय उघड दिसते. एकच कायदा शिकणाऱ्याला हे सगळे निसर्गनियमासारखे वाटते. दोन कायदे मुळापासून शिकणाऱ्याला प्रत्येक कलमाचा आधार विचारण्याची सवय लागते. जोड पदवीचे मोल ते इथे. कागदावरच्या दोन शिक्क्यांत ते नाही.

परतवाड्याजवळ या सवयीला काम आहे. आपल्या कायद्याप्रमाणे संमती मोकळी, विशिष्ट, समजून दिलेली आणि निःसंदिग्ध हवी, आणि त्यासाठीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय हवा. मराठी त्या अनुसूचीत आहे. मेळघाटातली कोरकू नाही. ती मराठीची बोलीही नाही. तिचे कूळ मुंडा भाषांचे. धारणी-चिखलदऱ्याकडची बाई मोबाइलवरून कर्ज घेताना मराठी सूचनेखाली ‘मान्य आहे’ दाबते, तेव्हा कायद्याचे कलम पाळले जाते. पण समजून दिलेल्या संमतीचे काय झाले? आठवी अनुसूची ही भाषांच्या राजकीय इतिहासातून बनलेली यादी आहे. कळणे ही तत्त्वाची अट आहे. जीडीपीआरच्या बाराव्या कलमाने यादी दिलेली नाही, माहिती साध्या आणि समजेल अशा भाषेत हवी एवढे म्हटले आहे. ब्रसेल्समध्ये कुणाला कोरकू माहीत असण्याचे कारण नाही. तरी तिथल्या वाक्याचा आधार कोरकू बाईपर्यंत पोहोचतो आणि दिल्लीतल्या वाक्याचा पोहोचत नाही. याचा अर्थ युरोपचे सगळे बरोबर असा नव्हे. तिथल्या कायद्याच्याही अनेक कलमांमागे मोठ्या कंपन्यांची आणि सरकारांची ओढाताण आहे, आणि दुसरी कसोटी त्यांनाही लावायची आहे.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. मीमांसेचे ‘सर्व’ खरेच सर्व होते का? नव्हते. त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात शूद्राला यज्ञाचा अधिकार नाही असा निर्णय आहे. पण तिथेच बादरी या आचार्याचे मतही नोंदलेले आहे की अधिकार प्रत्येकाला आहे. जैमिनीने ते मान्य केले नाही. पहिल्या अध्यायात प्रदेशाचे विशेषण गाळणारी तर्कपद्धती सहाव्यात वर्णाचे विशेषण आत घेते, हा तिचा स्वतःशीच विरोध आहे. तो दाखवून देण्याचे काम याच वऱ्हाडात झाले. पापळच्या पंजाबराव देशमुखांनी इंग्लंडमध्ये बॅरिस्टरी आणि वेदविद्या असा दुहेरी अभ्यास केला. ऑक्सफर्डचा त्यांचा प्रबंध वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमाविषयी आणि विकासाविषयी होता. परतल्यावर, १९२७ साली, अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या लढ्यात ते उभे राहिले. कायदा आणि त्याचा मूलाधार दोन्ही हाती असलेल्या माणसाला ‘आमच्याकडे असेच असते’ या उत्तरावर थांबता येत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा : शिकलेली मुलगी परतणारच नाही, मग परतवाड्याला काय? धर्मशास्त्राने ऋणाचा विचार केला आहे. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो, त्यांतले ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे वेदाध्ययनाने, फिटते; इथेही वर्णाचे विशेषण गाळू. बँकेचे कर्ज पगारातून फिटेल. हे दुसरे ऋण पगाराने फिटत नाही. पण ते फेडायला गावातच राहिले पाहिजे, असेही नाही. डॉ. आंबेडकरांनी १९१३ साली बडोदा संस्थानाशी शिष्यवृत्तीचा करार केला. त्यात दहा वर्षे नोकरीची अट होती. अस्पृश्यतेच्या अपमानामुळे ती नोकरी काही दिवसांतच सुटली. पुढे लंडनमध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमधला कायदा असा जोड अभ्यास त्यांनी पुरा केला, १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. कराराची अट अपुरी राहिली म्हणून त्यांचे ऋण बाकी राहिले, असे कोण म्हणेल? ऋण कुठे बसून फेडले, याला महत्त्व नाही. जे कळले ते ज्यांना कळत नव्हते त्यांच्यापर्यंत पोहोचले का, याला आहे.

तेव्हा निर्णय असा. नुसती नोकरी हवी असेल, तर एक पदवी पुरते आणि कर्जही कमी होऊ शकते. जोड पदवी घ्यायची ती नियम आणि नियमाचा आधार यांतले अंतर मोजायला. ज्यांनी ते मोजले आहे, त्यांनी निदान एवढे करावे : माहिती-संरक्षणाचा कायदा सोप्या मराठीत लिहावा, कोरकू जाणणाऱ्या शिक्षकांच्या आणि कार्यकर्त्यांच्या मदतीने तो कोरकूत सांगावा, आणि संमतीची सूचना ज्याला द्यायची त्याला समजणाऱ्या भाषेतच असावी, एवढी एक दुरुस्ती सरकारकडे लेखी मागावी. ही मागणी करायला युरोपातल्या दोन पदव्यांची गरज नाही. पण ज्यांच्याकडे त्या आहेत, त्यांना ती न करण्याची सबब उरत नाही.