दोन याद्यांची एक यादी

दोन संस्था एक होतात तेव्हा इमारती, यंत्रे आणि येणी-देणी यांचा हिशेब हिशेबनीस बिनचूक मांडतात. माणसांनी तेथे घालविलेल्या वर्षांचा हिशेब कोणत्या वहीत मांडावा, हा प्रश्न मात्र उरतो. तो अर्थशास्त्रापेक्षा नीतिशास्त्राच्या कक्षेत येतो, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील एका उदाहरणावरून तो पाहू. स्वस्त दरात विमानप्रवास घडविणाऱ्या साउथवेस्ट कंपनीने त्याच धर्तीची, परंतु लहान, एअरट्रॅन कंपनी विकत घेण्याचे सप्टेंबर २०१० मध्ये जाहीर केले. मे २०११ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. साउथवेस्टचे वेतनमान अधिक होते. साहजिकच एअरट्रॅनच्या वैमानिकांना वाटले, आता आपणही त्या पंक्तीला बसणार. ही अपेक्षा गैर म्हणता येत नाही. एकाच कंपनीत तेच विमान चालविणाऱ्या दोघांना दोन दर देणे कोणासही पटणार नाही.

परंतु वैमानिकाची प्राप्ती केवळ दरावर ठरत नाही. कॅप्टनची जागा कोणाला, विमान कोणते, मुक्काम कोणत्या शहरी, सणासुदीला रजा कोणास, हे सारे तेथे सेवाज्येष्ठतेच्या यादीवरून ठरते. नोकरी सोडून दुसऱ्या कंपनीत गेलेला अनुभवी वैमानिकही शेवटच्या क्रमांकापासून आरंभ करतो. त्यामुळे दोन याद्यांची एक यादी करताना एकाला वर घेतले की दुसरा खाली सरकतोच. साउथवेस्टच्या सहवैमानिकानेही कॅप्टन होण्याची वर्षे बोटांवर मोजलेली होती. बाहेरून आलेला कोणी त्याच्या पुढे बसला, तर त्याची तक्रारही खोटी ठरत नाही.

पुढे काय घडले ते विचार करण्याजोगे आहे. पहिला समझोता एअरट्रॅनच्या वैमानिक संघटनेच्या नेतृत्वाने सभासदांचे मत न घेताच फेटाळला. मग एअरट्रॅन वेगळीच ठेवली जाईल, अशी शक्यता कंपनीकडून सूचित झाली. २०११ च्या अखेरीस जो दुसरा समझोता मान्य झाला, तो एअरट्रॅनच्या वैमानिकांसाठी पहिल्याहून उणा होता. वेतनमान साउथवेस्टचे मिळाले. ज्येष्ठतेची वर्षे मात्र बहुतेकांना सोडावी लागली. एअरट्रॅनची बोइंग ७१७ विमाने डेल्टा कंपनीकडे गेली आणि अनेक कॅप्टन सहवैमानिकाच्या जागी येऊन बसले.

याहून कठोर प्रसंगही तेथे घडला होता. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए विकत घेतली, तेव्हा त्या कंपनीचे अनेक वैमानिक यादीच्या तळाशी टाकले गेले. त्यानंतर २००७ मध्ये कायदा झाला की, ज्येष्ठता याद्यांचे एकत्रीकरण न्याय्य व समन्यायी रीतीने व्हावे.

हे शब्द वाचताच आम्हांस आपल्याकडील १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा आठवला. त्याच्या कलम ११५ मध्येही कर्मचाऱ्यांना न्याय्य व समन्यायी वागणूक मिळावी, असेच म्हटले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि महाकोशल यांचे मिळून मध्य प्रदेश राज्य झाले. एकीकडचे पद दुसरीकडच्या कोणत्या पदाच्या बरोबरीचे, यावर वर्षानुवर्षे वाद चालले. आम्ही सरकारी सेवेत शिरलो तेव्हा त्या वादांतून गेलेले एक ज्येष्ठ सहकारी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. त्या वेळचे आपले वेतन त्यांना आठवून सांगावे लागे. यादीतील आपला क्रमांक, आणि कोण कोण आपल्या वर गेले, हे मात्र ते झोपेतूनही सांगत.

यावरून आमच्या मते अपेक्षांचे दोन प्रकार करावेत. समान कामास समान दर ही अपेक्षा मालकाकडून आहे आणि ती पैशाने पुरी होते. ज्येष्ठता मात्र मालकाच्या तिजोरीतून निघत नाही. ती एका सहकाऱ्याकडून काढून दुसऱ्यास द्यावी लागते. म्हणून पहिली मागणी आग्रहाने करावी, दुसरी संकोचाने. विलीनीकरण झाले नसते तर जो जेथे असता, त्याहून त्यास खाली ढकलू नये, आणि दुसऱ्याच्या वर्षांवर कोणास आयता लाभ होऊ नये, ही कसोटी आम्हांस योग्य वाटते.

या कसोटीची अडचण आम्ही जाणतो. लहान कंपनी एकटी किती काळ टिकली असती, हे कोण छातीठोकपणे सांगणार? कसोटीचे एक टोक असे अंदाजावरच टेकलेले राहते. म्हणूनच निदान एक गोष्ट चुकता कामा नये. आपल्या आयुष्यातील किती वर्षे सोडायची, हे ज्याचे त्याला विचारले गेले पाहिजे. एअरट्रॅनच्या वैमानिकांना पहिल्या वेळी ते विचारलेच गेले नाही. दुसऱ्या वेळी विचारले, तेव्हा निवडण्यासारखे फारसे उरले नव्हते.