आवडीला क्रमांक

"मावशी, ती दहा गाण्यांची यादी तू आता कशाला करतेस? फोनने केलीये की आपोआप. स्क्रीनशॉट पाठव फक्त." डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाचा फोनवर एवढं बोलला आणि लगेच घरच्यांची चौकशी करायला लागला. त्याच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता. मला मात्र ते दिवसभर टोचत राहिलं.

ॲप उघडून पाहिलं. रंगीत पाट्या एकामागून एक सरकल्या आणि २०२४ सालातलं माझं सगळ्यांत लाडकं गाणं म्हणून संजू राठोडचं 'गुलाबी साडी' झळकलं. वर माझं अभिनंदनही. आता हे कसं झालं ते मला ठाऊक होतं. गणपतीत आमच्या सोसायटीतल्या बायकांचा नाच बसवायचं काम माझ्याकडे होतं आणि स्पीकरला फोन माझाच जोडलेला. एका ठिकाणी मागची रांग पुढे यायची. तिथे रोज कुणीतरी उलटं फिरायचं, रोज सगळ्या हसायच्या आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून. स्ट्रीमिंगच्या हिशेबात गाणं तीस सेकंद वाजलं की ते 'ऐकलं' असं धरतात. म्हणजे शेजारणीने चुकीचा पाय टाकला की माझी आवड एकाने वाढायची.

ॲप आपल्यावर पाळत ठेवतात, त्यामागे धंदा असतो, वगैरे वाचकांनी पुष्कळ वाचलेलं आहे. ते सोडून देते. माझी तक्रार वेगळीच होती. मी कित्येक वर्षं डायरीच्या शेवटच्या पानावर त्या त्या वर्षाच्या गाण्यांची उतरंड लावत आले आहे. नियम दोनच. गाणं त्याच वर्षी आलेलं हवं आणि एका चित्रपटातलं एकच घ्यायचं. भाषा कुठलीही चालेल. डिसेंबरच्या शेवटी आलेलं गाणं बिचारं पोरकं होतं, त्याला माझ्याकडे इलाज नाही. हे काम फोनने माझ्या वतीने करून टाकावं आणि भाच्याने ते मान्यही करावं, हे काही पचेना.

मी त्याला उलट फोन करून माझा जुना सिद्धांत ऐकवला. काही गाणी आपण वाजवतो, काही गाणी आपण ऐकतो. वाजवायचं गाणं कामाच्या सोबतीला असतं. 'लापता लेडीज'मधलं राम संपत यांनी बांधलेलं, अरिजित सिंगच्या आवाजातलं 'सजनी' घ्या. इस्त्री करताना लावावं, इस्त्रीही नीट होते आणि गाणंही गोड लागतं. याउलट 'अमर सिंह चमकीला'मधलं 'विदा करो'. ए. आर. रहमानची चाल, इर्शाद कामिल यांचे शब्द, पुन्हा अरिजितच, सोबत जोनिता गांधी. चमकीला आणि त्याची सहगायिका पत्नी अमरजोत यांना ८ मार्च १९८८ रोजी मेहसमपूरला कार्यक्रमाच्या जागीच गोळ्या घातल्या गेल्या. त्या मरणाच्या सावलीतलं हे निरोपाचं गाणं. भाजी चिरताना ते लावता येत नाही. एकदा ऐकलं की त्यापाठोपाठ दुसरं काही लावावंसं वाटत नाही. माझ्या यादीत ते पहिलं आहे आणि वर्षभरात मी ते मोजकंच ऐकलं. फोनला त्याचा पत्ताही नाही.

भाचा पुण्यात एका कंपनीत आकड्यांचंच काम करतो. तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे जे तू ऐकत नाहीस ते तुझं आवडतं, आणि जे सारखं ऐकतेस ते नाही. मावशी, आकडे खोटं बोलत नाहीत, माणसं बोलतात. तुझी यादी आवडीची नाहीये, ऐटीची आहे."

ऐटीचं मागाहून बघू. आधी आकड्यांचं.

आकडे खोटं बोलत नाहीत असं म्हणणाऱ्याने गाण्यांच्या क्रमवारीचा इतिहास एकदा वाचावा. इंग्लंडात पहिली क्रमवारी 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'ने १४ नोव्हेंबर १९५२ रोजी छापली. त्यासाठी पर्सी डिकिन्स या गृहस्थांनी वीसेक रेकॉर्डच्या दुकानांना फोन करून काय खपलं ते विचारलं होतं. 'पहिल्या बारा' म्हणून निघालेल्या त्या यादीत बरोबरी झाल्यामुळे गाणी पंधरा भरली. आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ३ डिसेंबर १९५२ला, रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. एकमेकांचा काही संबंध नसताना दोन ठिकाणी एकाच हंगामात गाण्यांना रांगेत उभं करायची हुक्की यावी, याची मला अजून गंमत वाटते.

गीतमालेच्या जन्माला एक मराठी माणूस कारणीभूत आहे, तेही नकळत. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीताने देशाची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी रेडिओचा काटा शॉर्टवेव्हवर नेऊन कोलंबो गाठलं. पाच वर्षांनी, १९५७ साली, विविध भारती काढून सरकारला ती गाणी परत आणावी लागली. केसकरांना नावं ठेवणं सोपं आहे. पण मला त्यांच्यात एक गोष्ट मानावीशी वाटते. लोक काय किती ऐकतात, यावरून चांगलं काय ते ठरत नाही, हे म्हणायची त्यांची तयारी होती. त्यांचा उपाय भयंकर होता, एवढंच.

गीतमालेचे निवेदक अमीन सयानी यांनी सुरुवातीला क्रम लावलाच नव्हता. सात गाणी वाजवायची आणि ती लोकप्रियतेच्या क्रमाने श्रोत्यांनी लावून पाठवायची, बरोबर आलं तर बक्षीस, अशी स्पर्धा होती. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, असं ते सांगत. पुढे क्रम कार्यक्रमातच द्यायचं ठरलं आणि खरी पंचाईत झाली, कारण लोकप्रियता मोजायची कशाने? पत्रांवर जावं तर एकच उत्साही गृहस्थ गठ्ठ्याने पत्रं धाडू शकतो. खपावर जावं तर दुकानातल्या तबकड्या संपल्या की सगळ्यांत जास्त चालणारं गाणंच मागे पडायचं. मग दुकानांचे आकडे आणि गावोगावचे श्रोता संघ अशी सांगड घालावी लागली. इतकं करून १९५७च्या वार्षिक यादीत अव्वल कोण? ज्या वर्षी 'प्यासा' आला, 'नया दौर' आला, त्या वर्षी पहिल्या पायदानावर 'जनम जनम के फेरे' या भक्तिपटातलं एस. एन. त्रिपाठींचं गाणं. रफी-लताचं, भरत व्यासांनी लिहिलेलं. चांगलंच गाणं आहे ते, आजही ओठांवर येतं. पण साहिर आणि सचिनदांच्या वर?

पाहा, मी भांडायला लागले. आणि इथेच माझ्या लक्षात आलं की भाच्याला द्यायचं उत्तर मी चुकीच्या दिशेला शोधतेय.

आमच्या घरी बुधवारी रात्री आठच्या आत जेवणं उरकत. गीतमाला तर ऐकायचीच, पण खरी मजा गुरुवारची असे. अमुक गाणं तिसऱ्यावरून सातव्यावर कसं घसरलं, यावर शाळेत कट्टी व्हायची. १९७५ साली वार्षिक यादीत 'रोटी कपडा और मकान'मधलं महागाईचं गाणं पहिलं आलं. बाबा चिडले, हे काय गाणं आहे का म्हणाले. आई म्हणाली, "गाण्याला नाही, रेशनच्या रांगेला मतं पडलीत." त्या दोघांचा वाद पुढे बरेच दिवस चालला आणि मला वाटतं, गाणं म्हणजे काय आणि ते कशासाठी असतं यावर आमच्या घरात झालेली तेवढीच गंभीर चर्चा.

आता वाजवणं आणि ऐकणं हा माझा लाडका भेद इथे अपुरा पडतो. एखादं गाणं मी खरोखर ऐकलं, त्याने मला थांबवलं, हे कळायला यादी लागत नाही. तेवढंच नोंदवायचं असेल तर दहा नावं कशीही लिहिली तरी चालतील. मग मी क्रम का लावते? चौथ्या आणि पाचव्या जागेसाठी अर्धी रात्र का घालवते? डायरी तर कुणाला दाखवायची नसते.

रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'त कांटवर पानंच्या पानं आहेत. कॉलेजात ती अंगावर आली होती. त्यातला एक मुद्दा तेवढा पक्का बसला. मला पन्हं आवडतं असं मी म्हटलं तर कुणी वाद घालत नाही, घालायचं कारणही नाही. पण हे सुंदर आहे असं म्हटलं की मी तुमच्याकडूनही होकार मागत असते. तुम्ही नाही म्हणालात तर मला राग येतो आणि तो राग रास्त असतो. माझ्या मते क्रमांक लावणं म्हणजे गाण्याला पन्ह्याच्या रांगेतून उठवून या दुसऱ्या रांगेत बसवणं. 'मला हे आवडतं' यावर काय बोलणार? 'हे दुसरं आणि ते सातवं' म्हटलं की समोरच्याला बोलायला जागा होते.

जॉन पील हा बीबीसीचा नामांकित निवेदक १९७६पासून वर्षाअखेर श्रोत्यांच्या पसंतीची पन्नास गाणी वाजवायचा. १९७७ साली त्याने मतं न घेता यादी एकट्याने केली. ती पन्नासात मावेना, एकसष्ट गाणी झाली. मला त्यात नवल वाटत नाही. अडवायला कुणी नसलं की माणूस एकाही गाण्याला बाहेर काढू शकत नाही. उरलेली अकरा कापायला समोर कुणीतरी खट असावं लागतं.

फोनच्या यादीचं खरं वैगुण्य हे आहे. तिचा आकडा खोटा असतो असं नाही, पण तो मीटरचं रीडिंग आहे, आणि रीडिंगशी कोण भांडणार? फार तर मीटर बिघडलाय म्हणता येतं. शिवाय प्रत्येकाला स्वतंत्र यादी, प्रत्येकाचं स्वतंत्र अभिनंदन. माझं पहिलं गाणं 'गुलाबी साडी', तुझं दुसरंच काही, बरं मग? गुरुवार उगवतच नाही.

म्हणजे ऐटीचा आरोप मला मान्यच करावा लागतो. माझी यादी कुणीतरी बघेल आणि भुवया उंचावेल, हे गृहीत धरूनच मी ती करते, डायरीच्या बंद पानावरही. भाच्याने ते बरोबर ओळखलं. फक्त तो दोष आहे असं त्याला वाटतं, आणि दोन दिवसांपूर्वी मलाही वाटलं असतं. माझी आवड ही माझी खासगी बाब आहे, फोनने तिच्यात नाक खुपसू नये, एवढंच तर मी म्हणायला निघाले होते. आता वाटतं, खासगी आवडीचा हिशेब फोनने खुशाल ठेवावा. यादी ही मुळात खासगी गोष्टच नव्हे.

पण हे मानलं तर 'गुलाबी साडी'ला डायरीत जागाच दिली नव्हती, त्याचंही कारण द्यायला हवं. ते माझ्यापाशी नव्हतं. तालमीत इतक्यांदा ऐकलेलं गाणं एव्हाना कानाला नकोसं व्हायला हवं होतं, तसं झालं नाही. ठेका उड्या मारत नाही, जरासा लचकत चालतो. त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्या बायकांनाही तो पेलतो. शब्दांत काही नाही, नटलेली एक बाई आपला फोटो काढायला सांगते. पण आमच्या साठीच्या वहिनी त्या ओळीला मान वळवायच्या तेव्हा त्यांना कुणीतरी खरंच फोटो काढायला हवा असायचा. जळगाव जिल्ह्यातल्या एका पोराने चित्रपटाच्या कुबड्यांशिवाय असं गाणं केलं आणि ते गावोगावच्या हळदीत वाजलं. चौथा क्रमांक. क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' त्याच्या खाली. मराठी बोलीला हाउसच्या ठेक्यावर बसवायची कल्पना झकास, पण चौथ्यांदा ऐकताना कल्पनाच ऐकू येते. रोझे आणि ब्रूनो मार्सचं कोरियन खेळावरचं 'आपट' सहावं, शेजारच्या मुलीच्या आग्रहाखातर नव्हे, हे नमूद करते.

ही यादी मी भाच्याला पाठवली. स्क्रीनशॉट नाही, डायरीच्या पानाचा फोटो. तासाभरात फोन. हनुमानकाइंडचं 'बिग डॉग्ज' नववं? केरळात जन्मलेला, ह्यूस्टनमध्ये वाढलेला मुलगा इंग्रजीत रॅप करतो आणि जगभरचे लोक ऐकतात, आणि तू त्याला नववा ठेवतेस? मी म्हटलं, लोक गाणं ऐकत नव्हते, मौत का कुआँ बघत होते. जत्रेतला तो लाकडी हौद, उभ्या भिंतीवरून धावणाऱ्या गाड्या आणि त्यांच्या मधोमध उभा राहून गाणारा तो, हे सगळं व्हिडिओचं श्रेय आहे. डोळे मिटून ऐक आणि मग सांग.

"बरं," तो म्हणाला. "मग 'विदा करो' डोळे मिटून ऐक. चमकीला कोण, त्याला गोळ्या कुठे घातल्या, हे काही माहीत नाही असं समजून ऐक. आणि सांग कितवं येतं."

यावर द्यायला उत्तर अजून सापडलेलं नाही. 'बिग डॉग्ज' आठवं केलंय. त्यावर मात्र जाणार नाही.