स्पीकरचा प्रामाणिकपणा
स्पीकर घ्यायला गेलात की फ्रिक्वेन्सीचा आलेख दाखवतात. रेघ जितकी सरळ, तितका स्पीकर प्रामाणिक. इंजिनिअर असल्यामुळे मला सरळ रेघा आवडतातच. पण प्रामाणिक कुणाशी?

माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. मार्च 1959 मध्ये न्यूयॉर्कला, पूर्वी चर्च असलेल्या स्टुडिओत पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना रेकॉर्ड झाल्या, तेव्हा टेपचं मशीन किंचित हळू चाललं. त्यामुळे रेकॉर्डवर सूर चढे लागले. दुरुस्ती झाली ती 1990 च्या दशकात. म्हणजे तीसेक वर्षं जगातले उत्तमोत्तम स्पीकर चुकीचा सूर इमानदारीने ऐकवत होते. त्यांची निष्ठा रेकॉर्डशी, वादकाशी नाही.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांचं याहून अवघड. तीनेक मिनिटांत मावेल तेवढा राग, वर खरखर. सरळ रेघेचा स्पीकर तीही तितक्याच निष्ठेने देतो. वरच्या फ्रिक्वेन्सी दाबणारा मऊ स्पीकर खोटं बोलतो, पण ऐकणं सुसह्य करतो.

मग हे खोटं चालेल? मला सरसकट चालत नाही. असा स्पीकर त्याच 'काइंड ऑफ ब्लू'मधल्या कोल्ट्रेनच्या सॅक्सोफोनची धारही बोथट करतो. खरखर तबकडीची होती, धार मात्र त्याच्याच फुंकीतली. हा फरक स्पीकरला कळत नाही, आपल्याला कळतो. म्हणून मी सरळ रेघेचा घेईन आणि खाँसाहेबांसाठी ट्रेबल हाताने कमी करीन.

दुकानात जाताना ही दोन्ही रेकॉर्डिंग फोनवर ठेवा. तिथे आधी त्यांचं ते चकचकीत डेमो गाणं लावतील. दोन मिनिटं ऐकून घ्या.