चारातलं एक पिल्लू

फ्रिझल कोंबडी आत्ताच वादळातून चालत आल्यासारखी दिसते. इतर कोंबड्यांची पिसं अंगाला चिकटून बसतात, हिची बाहेरच्या बाजूला वळलेली असतात. ब्रिटनमध्ये तिला स्वतंत्र जातीचा मान आहे आणि ती प्रदर्शनांत मिरवते. हे रूप केराटिनच्या एका जनुकातला छोटा तुकडा गळाल्यामुळे येतं. संशोधकांनी २०१२मध्ये तो बदल नेमका दाखवून दिला.

गंमत पुढे आहे. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बदललेली असेल तर पिसं डौलदार कुरळी होतात. दोन्ही बदललेल्या असतील तर ती ठिसूळ होतात, तुटतात, गळतात. अशा पक्ष्याला 'फ्रॅझल' म्हणतात. पिसं हे कोंबडीचं पांघरूण. ते गेलं की थंडीत नुसती ऊब टिकवायलाच तिची शक्ती खर्च होते.

आता मेंडेलचं गणित करू. दोन फ्रिझलांच्या चार पिल्लांत सरासरी दोन कुरळी, एक साधं, एक फ्रॅझल. फ्रिझल आणि साध्या पक्ष्याच्या जोडीत निम्मी कुरळी, निम्मी साधी, फ्रॅझल एकही नाही. म्हणजे कुरळी पिल्लं दोन्हीकडे तितकीच! पण तिसरीही जोडी आहे: फ्रॅझल आणि साधा पक्षी. तिची सगळीच्या सगळी पिल्लं कुरळी. एक पक्षी उघडा ठेवला की बाकी सगळे सुंदर. खरा मोह इथे आहे.

यावर एक चलाख युक्तिवाद होऊ शकतो. ही जोडी लावली नसती तर ती फ्रॅझल जन्मलीच नसती. मग तिचं नुकसान कसं झालं? डेरेक पारफिटने १९८४मध्ये माणसांच्या बाबतीत असाच पेच मांडला होता. मला वाटतं, इथे नुकसान कोणाचं हे शोधत बसायची गरज नाही. जोडी लावताना पिल्लू अस्तित्वात नसतं, पण निर्णय घेणारा असतो आणि त्याला प्रमाण माहीत असतं. आमच्या क्षेत्रात चारदा चालवल्यावर एकदा क्रॅश होणारं सॉफ्टवेअर कोणी जाणूनबुजून रिलीज केलं, तर त्याला अपघात म्हणत नाहीत. प्रमाण कळलं की नशीब संपतं.

आणि इथे बदल्यात मिळतं काय? फ्रॅझल पोटासाठी नाही, डोळ्यांसाठी जन्माला घातली जाते.

म्हणून फ्रिझल पाळूच नये, असं मी म्हणणार नाही. ती साध्या पक्ष्याशी जुळवावी. त्याची किंमत म्हणजे ती निम्मी साधी पिल्लं, ज्यांना प्रदर्शनात कोणी विचारत नाही. त्यांनाही दाणा लागतो, जागा लागते. ती किंमत पाळणाऱ्याने भरली नाही, तर कोंबडीला भरावी लागते. एखाद्याकडची सुंदर फ्रिझल बघायला गेलात, तर तिची साधी भावंडं कुठे आहेत, हेही विचारा.