जामीन राहणारा संत



येत्या ११ जूनला चर्च संत बर्णबाची आठवण करते. हा दिवस आपल्याकडे कधी येतो आणि कधी जातो ते कळतही नाही. आगोटीचे दिवस असतात. सुके बोंबील डब्यात भरायचे असतात, मसाला कुटून आणायचा असतो, पत्र्याची गळकी ठिकाणे बुजवायची असतात, मुलांच्या वह्या-पुस्तकांना कव्हरे घालायची असतात. त्यातच दोन दिवसांनी, १३ तारखेला, संत अंतोनीचा सण. त्याच्या नोव्हेनाला चर्च भरलेले असते. बिचाऱ्या बर्णबाच्या वाट्याला मात्र सकाळच्या मिस्सेला नेहमी येणारी पंधरा-वीस माणसे येतात. आम्हीही कबूल करतो, की बरीच वर्षे त्या दिवशीचे प्रवचन आम्ही तीन मिनिटांत आटोपले. यंदा मात्र त्याच्याविषयी चार ओळी जास्त लिहाव्यात असे मनापासून वाटते. त्याला कारण आहे, ते पुढे येईल.

बर्णबा हे त्याचे खरे नाव नव्हे. त्याचे नाव योसेफ. तो लेवी वंशातला, सायप्रस बेटावरचा. प्रेषितांनी त्याचे नाव बदलून बर्णबा ठेवले. धीर देणारा, उमेद देणारा माणूस, असा त्याचा अर्थ प्रेषितांच्या कृत्यांत सांगितला आहे. म्हणजे हे टोपणनाव झाले. टोपणनावे कशी पडतात ते आपल्याला सांगायला नको. प्रत्येक आळीत ती आहेत आणि काही तर तीन पिढ्या घराला चिकटून राहिली आहेत. माणूस जे वारंवार करतो त्यावरून गाव त्याचे नाव ठेवते. योसेफ कुठेही गेला की तिथल्या माणसाला बरे वाटत असणार, उभे राहायचे बळ येत असणार. एकदा-दोनदा नव्हे, तर इतक्या वेळा, की लोक त्याचे जन्मनाव विसरले. आपल्याला आपल्या सवयींवरून नाव ठेवायचे झाले तर ते काय असेल, याचा विचार आम्ही एका रात्री केला आणि लवकरच दुसऱ्या विषयाकडे वळलो.

त्याच्यापाशी काय होते? पहिल्यांदा तो आपल्याला भेटतो तेव्हा त्याच्यापाशी एक शेत आहे. ते विकून त्याने पैसे प्रेषितांच्या चरणी आणून ठेवले. हे वाचताना आपल्या भागातल्या माणसाला जरा अवघडल्यासारखे होते. शेत विकणे म्हटले की आपल्यापुढे सातबारा येतो, बिल्डर येतो, एकाच आईची दोन मुले कोर्टाच्या पायरीवर वेगवेगळ्या बाजूंना बसलेली दिसतात. घाबरू नका, शेत विकून पैसे चर्चमध्ये आणा असे आम्ही सांगत नाही. बर्णबाच्या लगेच पुढे हनन्या आणि सप्पिरा यांची गोष्ट येते, आणि तिथे पेत्र हनन्याला बजावतो की जमीन तुझीच होती, विकल्यावरही पैसे तुझ्याच हातात होते. सक्ती कोणाचीच नव्हती. हनन्याचा गुन्हा पैसे ठेवून घेण्याचा नव्हता. थोडे देऊन सगळे दिले असे भासवण्याचा होता.

पण आमच्या मते शेत ही बर्णबाची मोठी देणगी नव्हतीच. मोठी देणगी त्याने पुढे दिली, आणि ती कुठल्याही दप्तरात नोंदली जात नाही.

शौल दिमिष्काहून यरुशलेमला आला. याच शौलाने ख्रिस्ती माणसांना घरांतून ओढून तुरुंगात टाकले होते. आता तो म्हणत होता, मी बदललो, मलाही प्रभू येशू भेटला. कोण विश्वास ठेवणार? सगळे त्याला घाबरत होते. ज्यांचे भाऊ, ज्यांचे मुलगे त्याने पकडून नेले त्यांना आपण दोष देऊ शकत नाही. सावधगिरी हा काही दुर्गुण नाही. अशा वेळी बर्णबा पुढे झाला. त्याने शौलाला हाताशी धरले, प्रेषितांकडे नेले आणि त्याच्या बाजूने बोलला. शौल खोटा निघाला असता तर पहिले बोट बर्णबाकडे गेले असते. त्याने आपली पत पणाला लावली.

पत म्हणजे काय हे आपल्या लोकांना चांगले ठाऊक आहे. आपली बॅसीन कॅथॉलिक बँक १९१८ साली एका धर्मगुरूच्या पुढाकाराने उभी राहिली. त्या काळापासून आपल्याकडे एकाच्या कर्जाला दुसरा जामीन राहत आला आहे. जामीनदार पैसे देत नाही, तो फक्त सही करतो. पण सही करताना त्याचा हात थोडा थबकतो, कारण ती शाई नसते, आयुष्यभर सरळ वागून साठवलेले नाव असते. परमेश्वराच्या आशीर्वादांची मोजदाद करायला बसलो की आपण घर, आरोग्य, मुलांच्या नोकऱ्या मोजतो. आपले चांगले नाव आपण मोजत नाही. ते मिळवले म्हणून आपलेच, असे आपल्याला वाटते. ते कोणासाठी खर्च करायचे असते हे तर ध्यानातही येत नाही.

आता आमचीच गोष्ट. ज्याच्याविषयी ती आहे त्याची परवानगी घेऊन लिहीत आहोत. तो म्हणाला, ‘लिहा फादर, फक्त नाव घालू नका. ओळखायचे ते ओळखतील.’

२०२१ च्या पावसाळ्यात एक तरुण आमच्याकडे आला. नुकताच व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतला होता. त्याआधी त्याच्या हातून बरेच काही घडले होते. सणाच्या वर्गणीतले पैसेही त्यात होते. ते त्याने पुढे हप्त्याहप्त्याने परत केले. एका गोदामात ड्रायव्हरची जागा होती आणि मालकाने धर्मगुरूचे पत्र मागितले होते. आम्ही पत्र लिहिले. अमुक हा आमच्या धर्मग्रामाचा सदस्य असून त्याचे कुटुंब येथे अनेक वर्षे राहत आहे, एवढेच. त्यात एक अक्षर खोटे नव्हते आणि एक अक्षर कामाचे नव्हते. त्याने ते उभ्या उभ्या वाचले, घडी घातली, ‘थँक्यू फादर’ म्हणाला आणि पावसात निघून गेला. ती घडी घालण्याची पद्धत आम्हाला अजून आठवते.

नोकरी त्या पत्राने मिळाली नाही. आठ दिवसांनी कळले की त्याच्या आळीतले एक निवृत्त एस.टी. कंडक्टर त्याच्याबरोबर गोदामात गेले आणि मालकाला म्हणाले, ‘गाडीचे काही कमीजास्त झाले तर माझ्या घरी या.’ काकांकडे पेन्शन आहे, दोन खोल्यांचे घर आहे आणि तिकिटाच्या पैशात कधी खोट न आलेली नोकरीची वर्षे आहेत. त्यांनी ती वर्षे त्या मुलासाठी टेबलावर ठेवली. पुढे सगळे सुरळीत झाले असे नाही. त्या वर्षीच्या नाताळात मुलगा पुन्हा घसरला. काका पुन्हा मालकाकडे गेले, या वेळी मान खाली घालून. आम्ही त्यांना विचारले, तुम्हाला राग नाही आला? ते म्हणाले, ‘आला ना फादर. चार दिवस बोललो नाही त्याच्याशी. पण सोडून कसे देणार?’

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनस यांच्याकडून आम्ही एक विचार शिकलो होतो. जे चांगले असते ते स्वतःपाशी थांबत नाही, दिव्याच्या उजेडासारखे पसरत जाते. परीक्षेत आम्ही त्यावर लांबलचक उत्तर लिहिले आणि गुणही बरे मिळाले. पण त्या पावसाळ्यात कळले की उत्तर लिहिणारा एक होता आणि समजलेला दुसराच होता, आणि तो तिकिटे फाडत होता.

बर्णबाकडे परत येऊ. अंत्युखियात नवी मंडळी उभी राहत होती, तीही यहुदी नसलेल्यांची. यरुशलेमहून बर्णबाला पाहणीसाठी पाठवले. पाहणीला गेलेला माणूस बहुधा चुका शोधतो. बर्णबाने तिथे परमेश्वराची कृपा पाहिली आणि त्याला आनंद झाला. दुसऱ्याच्या दारात उतरलेल्या कृपेने आनंदित होणे किती अवघड असते! शेजारच्या मुलीला आपल्या मुलीपेक्षा जास्त गुण मिळाले की आपण पेढा खातो, पण तो घशात थोडा अडकतो. बर्णबाने त्याहून मोठी गोष्ट केली. या कामाला आपल्याहून योग्य माणूस कोण हे त्याने ओळखले, तार्ससला जाऊन शौलाला शोधले आणि घेऊन आला. दोघांनी वर्षभर तिथे शिकवले, आणि शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा त्याच शहरात मिळाले. आज आपण जे नाव लावतो त्याच्यामागे असा एक शोधायला निघालेला माणूस आहे. सुरुवातीला शास्त्रात ‘बर्णबा व शौल’ असे लिहिलेले दिसते. पुढे बहुतेक ठिकाणी ‘पौल व बर्णबा’ होते. नाव मागे गेल्याची त्याने तक्रार केल्याचे कुठेही लिहिलेले नाही.

(येथे आमच्या वाचकमंडळाला आणि गायनमंडळाला एक नम्र सूचना. चांगला आवाज हा आशीर्वाद आहे, पण तेच चार आवाज वर्षानुवर्षे ऐकू येत असतील तर मागच्या बाकावरच्या एखाद्या लाजऱ्या मुलीला बोलावून शिकवण्याचे कामही त्याच आशीर्वादात येते. राग मानू नये.)

धीर देणे म्हणजे गोड बोलणे असा आपला एक समज आहे. बर्णबा गोडबोल्या नव्हता. मार्क नावाचा तरुण पहिल्या प्रवासात पंफुल्यातून अर्ध्यावर सोडून परत गेला होता. दुसऱ्या प्रवासाला त्याला न्यायचे की नाही यावरून बर्णबा आणि पौल यांचे इतके कडाक्याचे भांडण झाले की दोघे वेगळे झाले. पौल म्हणाला, नको. बर्णबाने मार्कला घेऊन सायप्रसची वाट धरली. मार्क त्याचा भाऊबंद होता, म्हणून त्याने नात्यागोत्याचे राजकारण केले असेही कोणी म्हणेल. पण अनेक वर्षांनी पौलच तीमथ्याला लिहितो की मार्कला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. चर्चच्या परंपरेप्रमाणे दुसरे शुभवर्तमान याच मार्कचे.

आणि बर्णबाही माणूसच होता. गलतीकरांच्या पत्रात पौल दुःखाने सांगतो की अंत्युखियात काही लोकांच्या भीतीने पेत्र यहुदी नसलेल्यांच्या पंगतीतून उठला, तेव्हा बर्णबासुद्धा त्या ढोंगात ओढला गेला. ज्याने एवढ्यांना जवळ केले तो एका जेवणाच्या वेळी मागे सरला. पवित्र शास्त्राने हे झाकले नाही. आम्हाला याचा आधार वाटतो. २०२१ साली लिहिलेले ते पत्र आठवले की आम्ही गलतीकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय काढून वाचतो.

आपल्या धर्मग्रामात आशीर्वाद कमी नाहीत. दारात मोटारसायकल आहे आणि शेजारच्या आजीला डोळे तपासायला रिक्षाचे पैसे जमवावे लागतात. एखाद्याला बँकेचा फॉर्म डोळे मिटून भरता येतो आणि दुसऱ्याला त्याच फॉर्मपायी दोन दिवस कामावर खाडा करावा लागतो. कोणाची विहीर मे महिन्यातही आटत नाही. कोणी इस्पितळात नर्स आहे. तिच्या एका फोनने घाबरलेल्या घराला रात्रभर झोप लागते. आणि हे सगळे धडधाकट माणसांनीच करायचे असेही नाही. आमच्या माहितीतल्या एक बाई आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. तिथे नव्याने येणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना त्या सांगतात की पहिल्या दिवशी थंडी वाजते, चादर आणा, आणि उद्या बरे वाटेल. डॉक्टरांना हे सांगायला वेळ नसतो. त्यांचा आजार हा आशीर्वाद आहे असे आम्ही म्हणणार नाही, तसे म्हणणे क्रूरपणाचे ठरेल. पण त्या खुर्चीवर बसून त्यांना जे कळले ते त्या वाटतात. परमेश्वर आपल्या संकटांत सांत्वन करतो ते दुसऱ्यांचे सांत्वन आपल्याला करता यावे म्हणून, असे संत पौल करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच लिहितो, ते याहून वेगळे काय असणार?

एक मात्र सांभाळावे. घेणाऱ्याचाही मान असतो. वह्या वाटतानाचे फोटो काढण्याची पद्धत आपण गेल्या वर्षी बंद केली, ती बंदच राहील.

आता ते कारण. तो तरुण गेली तीन वर्षे व्यसनापासून दूर आहे. त्याला स्वतःची रिक्षा घ्यायची आहे. पतपेढीच्या कर्जाला दोन जामीन लागतात. एक कंडक्टरकाका. दुसरे आम्ही व्हावे असे आमच्या मनात होते, पण चर्चच्या कायद्यातील कलम २८५ प्रमाणे धर्मगुरूला आपल्या बिशपांना विचारल्याशिवाय जामीन राहता येत नाही. आम्ही बिशपांना पत्र पाठवले आहे. नवे शिफारसपत्र मात्र त्याच दिवशी लिहून त्याच्या हाती दिले. ते दीड पानांचे झाले. त्याने तेही उभ्या उभ्या वाचले, पण घडी घालण्याआधी पुन्हा एकदा वाचले.

पतपेढीचा फॉर्म चर्चच्या ऑफिसात आहे. मंगळवार ते शनिवार, सकाळी १० ते १२ ऑफिस उघडे असते. दुसऱ्या जामीनदाराच्या नावाची ओळ हे लिहीपर्यंत रिकामी आहे.

ख्रिस्ताठायी आपला,
प्रमुख धर्मगुरू